नऊशे साठ ग्राम

कोपरखैरण्याच्या आमच्या घराची लांबी
भिंतीपासून भिंतीपर्यंत साडेपाच मीटर.
हर्षालीने टेप लावून मोजली,
दहा हवेत म्हणाली,
मग हिशेब करून वहीच्या पानावर
त्या मानाने बारीक काळं वर्तुळ काढलं
आणि देव्हाऱ्याच्या डाव्या अंगाला चिकटवलं.
तिची आई म्हणाली, रंग निघेल भिंतीचा.
निघाला.

पिस्तूल क्लबचं. ते ऐरोलीला कुलपात राहतं,
तिच्या वाट्याला आठवड्यातून दोन तास.
घरत सर म्हणाले, छर्रे महाग, हात उचलणं फुकट.
घरी उचल. रोज तीसदा.
मिनिटभर धर, मिनिटभर सोड.

पण धरायचं काय?
इस्त्री धरून पाहिली, तोल मागे जायचा.
पाण्याची बाटली मुठीत फिरायची.
शेवटी शेजारच्या फळबाजारातून
फुटक्या पेटीची फळी आणली,
गाळ्यामागे बसून तासली,
पाइपच्या तुकड्यात वाळू भरून बांधली,
टोकाला माशी म्हणून खिळ्याचं डोकं,
आणि माझ्याच काट्यावर ठेवली.
सहाशे चाळीस. अजून वाळू.
आठशे नव्वद. अजून.
एकोणतीस वर्षं मी तोलणार आहे वाशी मार्केटात,
अशी वस्तू कधी तोलली नव्हती,
जिच्यावर ना आडत, ना हमाली, ना तोलाई.
नऊशे साठ.

रात्री साडेनऊला ती उभी राहते.
टीव्ही बंद.
रबाळ्याकडून येणारा औषधासारखा वास खिडकीत,
वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढतंय.
डावा हात खिशात, मान वळलेली,
श्वास अर्धा सोडून ठेवलेला,
निरोप सांगता सांगता कुणी थांबावं तसा.
फळीला चाप नाही, म्हणून टाळूला जीभ लावून
स्वतःच म्हणते : टक्.
आणि बघत राहते.
झाल्यावरही बघत राहायचं असतं म्हणे.

एकदा विचारलं, खरा चाप ओढायला जोर किती?
पाचशे ग्राम, बाबा.
मी हसलो. अर्धा किलो, बोटाच्या एका पेरावर!
पण तो कुणाला कळता कामा नये,
ती म्हणाली, मलासुद्धा.

दिवाळीनंतरच्या स्पर्धेतून गप्प आली.
हात थांबतच नाही, एवढंच बोलली.
भाकरी अर्धी टाकली.

मला सांगायचं होतं जुन्या काट्याचं,
बॅटरीवाला यायच्या आधीचा.
गोणी लटकली की सुई हलायची.
हमाल पुढची पाठीवर घेऊन उभा,
शेठ पेन उघडून उभा,
सुई थांबायची वाट बघितली असती
तर त्या दिवसाचा बटाटा अजून पडून असता.
ती कुठून कुठवर हलते ते बघायचं
आणि मधला आकडा ओरडायचा,
न घाबरता.
नाही सांगितलं.
पोरीला गोणीचं काय सांगायचं.

पहाटे तीनला, कामावर निघायच्या आधी,
मीच ती फळी उचलली.
वर्तुळापुढे उभा राहिलो.
माशी वर गेली, खाली आली,
देव्हाऱ्यातल्या खंडोबापर्यंत जाऊन परत फिरली.
वीस मोजले आणि खांदा पेटला.
अख्खा जन्म वजनात गेला,
पण ते नेहमी दुसऱ्याच्या पाठीवर होतं.

बाबा, वर्तुळाकडे बघू नका.
हर्षाली. उशाला कोपर टेकून, डोळे अर्धवट.
माशीकडे बघा. वर्तुळ पुसट होऊ दे.
आणि हलतंय तर हलू दे,
मधल्यामधे हलतंय ना, बास.

हे कुणी सांगितलं तुला?
घरत सरांनी. काल. फोनवर.

मी काही बोललो नाही.
अंगठा ढिला सोडा, ती म्हणाली,
आणि आकडे मोजू लागली.
अठ्ठेचाळीसला माझा हात खाली आला.

परत, ती म्हणाली.